चावी उघड्यावर, तरी मजकूर गुपित कसा?

प्रश्न : वेबपानाचा कोड राइट-क्लिक करून कुणालाही वाचता येतो. मग ब्राउझरमध्ये मजकूर कूटबद्ध करणारी किल्लीही त्यात दिसणारच. ती घेऊन चोराला मजकूर उलगडता येणार नाही का?
— संगणकशास्त्राची एक विद्यार्थिनी

उत्तर : शंका रास्त आहे. लावायची आणि उघडायची किल्ली एकच असती, तर चोराचं आयतंच फावलं असतं. पण इथे किल्ल्या दोन. ब्राउझरला मिळते ती फक्त लावायची. उघडायची किल्ली सर्व्हर स्वतःजवळच ठेवतो. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये मांडलेली आरएसए ही त्यातली सर्वांत परिचित रीत.

कॅल्क्युलेटर घेऊन करूनच बघा. ३ आणि ११ या दोन मूळ संख्या, गुणाकार ३३. जगाला सांगायचं ते ‘३३’ आणि घातांक ‘३’ एवढंच (हा ३ म्हणजे ती मूळ संख्या नव्हे). समजा, निरोप आहे ४. ब्राउझर ४ चा घन करतो, ६४. त्याला ३३ ने भागून बाकी ३१. वाटेत चोराला दिसतो तो हा ३१. सर्व्हरचा गुप्त आकडा ७. सर्व्हर ३१ चा सातवा घात काढतो : २७,५१,२६,१४,१११. याला ३३ ने भागा, बाकी उरते ४. निरोप पोचला!

तो ७ शोधायचा तर ३३ चे अवयव हवेत. ते शाळकरी पोरही सांगेल. पण खऱ्या वापरात ही संख्या निदान २०४८ बिटांची, म्हणजे ६१७ अंकी असते. तिथे आजचे संगणक हात टेकतात.

ही रीत संथ असल्याने लांब मजकूर एईएससारख्या एका किल्लीच्या पद्धतीने बंद करतात आणि तेवढी तात्पुरती किल्ली आरएसएने गुंडाळून धाडतात.

खरी मेख पुढेच आहे. चोराने कोड वाचला तर बिघडत नाही, बदलला तर बिघडतं. पान साध्या एचटीटीपीवरून येत असेल, तर वाटेतला भामटा सर्व्हरच्या किल्लीजागी स्वतःची ठेवून देतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. एचटीटीपीएसमध्ये ब्राउझर आधी सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासतो, मगच मजकूर धाडतो. मजकूर ब्राउझरमध्ये बंद होतो आणि सर्व्हरवर उघडतो. म्हणजे तुम्हाला हवं ते काम तिथे आधीच झालेलं असतं.

तेव्हा शिकण्यासाठी स्वतःचं कूटलेखन जरूर लिहा. लोकांचे पासवर्ड मात्र त्याच्या भरवशावर सोडू नका. आधी एचटीटीपीएस लावा.