‘आत्ता कसे वाटते?’ : एका साध्या प्रश्नाचे शास्त्र

दवाखान्यात गेले की डॉक्टर विचारतात, ‘गेल्या महिन्यात किती वेळा दुखले? झोप कशी लागते?’ आपण क्षणभर आठवतो आणि सांगून टाकतो, ‘बरेचदा दुखते. झोप काही धड नाही.’ या उत्तरावर औषधाची मात्रा ठरते, कधी औषध बदलले जाते. म्हणजे आपले उत्तर हे एक मापनच झाले. मग या मापनाचे उपकरण कोणते? अर्थातच आपली स्मरणशक्ती! हे उपकरण कितपत भरवशाचे आहे, ते आज पाहू.

स्मृतीचा तराजू

डोनाल्ड रेडेलमायर व डॅनियल कानेमन यांनी १९९६ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. आतड्याची दुर्बिणीतून तपासणी चालू असताना रुग्णांनी दर मिनिटाला आपल्या वेदनेची तीव्रता सांगायची. आणि सर्व आटोपल्यावर एकंदर त्रास किती झाला, तेही सांगायचे. नंतरचे उत्तर मुख्यतः दोनच गोष्टींवर अवलंबून असल्याचे आढळले : सर्वांत वाईट क्षणाची वेदना आणि अखेरच्या काही मिनिटांतील वेदना. तपासणी किती वेळ चालली, याचा त्या उत्तरावर फारसा परिणाम नव्हता. म्हणजे स्मृती सरासरी काढत नाही. ती शिखर आणि शेवट तेवढा जपून ठेवते.

प्रयोगशाळेत आपण दोन प्रकारच्या त्रुटी शिकतो. एकाच तारेची जाडी दहा वेळा मोजली, तर वाचने थोडी इकडे-तिकडे होतात. ही यादृच्छिक त्रुटी. वाचने वाढवली की सरासरीतील तिचा प्रभाव कमी होतो. चौपट वाचने घेतली, तर अनिश्चितता साधारण निम्मी होते. पण व्हर्निअर कॅलिपरला शून्य त्रुटी असेल, तर हजार वाचने घेऊनही ती जात नाही. स्मृतीची त्रुटी बरीचशी या दुसऱ्या जातीची आहे. म्हणून ‘एकाऐवजी हजार लोकांना विचारू’ हा तिच्यावरचा उपाय नव्हे.

उपाय आहे तो प्रश्न आणि घटना यांतील अंतर कमी करण्याचा. आपल्या देशात २०१९ साली झालेल्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात ‘महिनाभर काय करता?’ असे विचारले नाही. आदल्या दिवशी पहाटे चारपासून पुढच्या पहाटे चारपर्यंतचा हिशेब अर्ध्या-अर्ध्या तासाच्या टप्प्यांत विचारला. हेच अंतर आणखी कमी करत शून्यावर आणले, तर? मग प्रश्न उरतो तो एवढाच : ‘आत्ता काय करता आहात? आत्ता कसे वाटते?’

घंटा वाजली की नोंद

१९७० च्या दशकात शिकागो येथे मिहाय चिक्सेंटमिहाय, रीड लार्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी किशोरवयीन मुलांना पेजर दिले. दिवसात केव्हाही तो वाजे आणि मुले त्या क्षणाची नोंद करत. १९९४ साली आर्थर स्टोन व सॉल शिफमन यांनी आरोग्याच्या अभ्यासासाठी अशा पद्धतींना एक समान नाव सुचवले. आपण तिला ‘क्षणनोंद’ म्हणू.

भारतातील उदाहरण तर तुमच्याच वयाच्या मुलांचे आहे. चंदीगडच्या सुमन वर्मा यांनी लार्सन यांच्याबरोबर आठवीतील १०० विद्यार्थ्यांचा असा अभ्यास केला. मुलांना गजराची घड्याळे दिली होती. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जागेपणीचा सुमारे एक तृतीयांश वेळ शाळा व अभ्यास यांत जात होता आणि त्या वेळच्या नोंदींत मन खाली गेलेले दिसत होते. परीक्षेनंतर ‘वर्ष कसे गेले?’ असे विचारून हे कळले असते का? विचार करा.

दबा धरून बसलेला प्रकाशसंवेदक

तुम्ही म्हणाल, यात काय मोठेसे? डायरी द्यावी म्हणजे झाले! स्टोन, शिफमन व सहकाऱ्यांनी २००२ साली नेमके हेच तपासले. दीर्घकाळ दुखण्याने त्रस्त रुग्णांना त्यांनी कागदी डायऱ्या दिल्या आणि त्यांत गुपचूप प्रकाशसंवेदक बसवले. डायरी उघडली की प्रकाश आत शिरे आणि वेळ टिपली जाई. कागदावरच्या तारखा-वेळांनुसार ९० टक्के नोंदी वेळेवर झाल्या होत्या. संवेदकाने सांगितलेला आकडा होता ११ टक्के! बाकीच्या नोंदी मागाहून भरलेल्या, म्हणजे पुन्हा स्मृतीच्याच. आपोआप वेळ नोंदवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक साधनावर मात्र ९४ टक्के नोंदी वेळेवर झाल्या. आज हे काम मोबाइल करतो.

राहनाळमध्ये हे कसे कराल?

भिवंडीजवळच्या राहनाळसारख्या गावाचा विचार करू. भोवती गोदामे, रस्त्यावर अवजड वाहने, जवळच यंत्रमागांचा खडखडाट आणि बारा-बारा तासांच्या पाळ्या. येथील कामगाराचा थकवा मोजायचा आहे. रोज ठीक अकरा वाजता घंटा वाजवली, तर दिवसपाळीवाला कायम मागावर सापडेल आणि रातपाळीवाला कायम झोपेत. ठरावीक लयीत चमकणाऱ्या दिव्याखाली फिरता पंखा स्थिर दिसतो, तशीच ही फसगत. म्हणून घंटेची वेळ चिठ्ठ्या टाकून ठरवावी.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. मागाच्या आवाजात घंटा ऐकूच आली नाही, तर? सर्वांत कष्टाचे तास नोंदीतून गळतील आणि सरासरी उगाच बरी दिसेल. ज्याची व्यथा मोजायची, त्याचीच वाचने हरवतील. अशा ठिकाणी थरथरणारे साधन हवे. आणि किती नोंदी हुकल्या, हे निष्कर्षाबरोबर सांगायलाच हवे.

तिसरी गोष्ट : थंड तापमापी थोड्याशा गरम पाण्यात बुडवला की पाणी किंचित निवते. तसेच ‘थकलात का?’ असे सारखे विचारले, तर माणूस थकव्याकडे अधिक लक्ष देऊ लागतो. म्हणून प्रश्न थोडे व सरळ ठेवावेत.

करून पाहा

सकाळी ६ ते रात्री १० या वेळेचे दोन-दोन तासांचे आठ भाग पाडा. ० ते ११ आकड्यांच्या चिठ्ठ्या करा. प्रत्येक भागासाठी एक चिठ्ठी काढून आकड्याला १० ने गुणा. ६ ते ८ या भागासाठी ५ ची चिठ्ठी निघाली, तर घंटा ६ वाजून ५० मिनिटांनी. चिठ्ठ्या शाळेत शिक्षकांनी व घरी मोठ्या माणसाने काढाव्यात. वेळ तुम्हाला आधी कळता कामा नये. घंटा होताच तीनच गोष्टी लिहा : कोठे आहे, काय करतो आहे, थकवा ० ते ५ पैकी किती. रस्त्यावर असाल, तर आधी सुरक्षित जागी थांबा. हुकलेली नोंद मागाहून भरू नका; तेथे फुली मारा.

सात दिवसांत जास्तीत जास्त ५६ नोंदी होतील. आठव्या दिवशी वही न उघडता आठवड्याचा सरासरी थकवा अंदाजाने लिहा, मग खरी सरासरी काढा. दोन्हींत फरक का पडला? आठवड्यातील सर्वांत वाईट क्षण व शेवटचा दिवस यांच्या नोंदी पाहा, कदाचित उत्तर तेथेच सापडेल. शिक्षकांनी कागदांवर नावे घालू नयेत आणि कोणावरही सक्ती करू नये. मनाची नोंद ही ज्याची त्याची असते.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना आठ दिवसांच्या अशा नोंदीचा कागद बरोबर न्या. ‘बरेचदा’ या शब्दाऐवजी तुमच्या हाती एक आकडा असेल.