मिसरी, मंजन आणि दांत

खानदेशांतील कोणत्याहि खेड्यांत पहांटे एक फेरी मारावी. कोणी कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी चावीत ओट्यावर बसलेला आहे. कोणीं चुलींतील राखुंडी बोटावर घेतली आहे. एखाद्या घरीं मुलें टूथपेस्टच्या नळीवरून भांडत आहेत. आणि घरची वडील बाई भिंतीस टेकून तर्जनीनें हिरड्यांवर काळी मिसरी चोळीत स्वस्थ बसली आहे. विचारल्यास हीं सर्व माणसें एकच उत्तर देतील कीं, "दांत घासतों." परंतु हें काम सर्वांचें एकच नव्हे. त्यांतील कोणतें दांतांच्या उपयोगीं पडतें व कोणतें त्यांचा घात करतें, हें आजच्या पाठांत पाहावयाचें आहे.

प्रथम दांत किडतो कसा, तें समजून घेऊं. दांतांत किडा शिरतो व तो दांत पोखरतो, अशी पुष्कळांची समजूत आहे, आणि तो किडा काढून दाखविणारेहि आठवड्याच्या बाजारांत भेटतात. त्या किड्याचा दांताशीं कांहीं संबंध नसतो. तो हातचलाखीचा असतो. खरी गोष्ट अशी कीं, दांतांवर जंतूंचा एक चिकट पातळ थर सदोदित सांठत असतो. आपण साखर, गूळ किंवा बिस्किट खाल्लें म्हणजे हे जंतु त्या गोडाचें आम्ल करितात, आणि तें आम्ल दांतावरील कठीण थरांतला चुना विरघळवितें. अंड्याचें कवच रात्रभर सिरक्यांत ठेवून सकाळीं पाहावें. तें विरून गेलेलें आढळेल. दांत कवचाहून पुष्कळ कठीण व निराळ्या घटनेचा आहे, तथापि रीत तीच. लाळ हा गेलेला चुना थोडथोडा परत भरून आणिते. पण दर तासास गोड चहा घेणाऱ्याच्या लाळेस तितकी फुरसत मिळत नाहीं.

तेव्हां दांत घासण्याचा मुख्य हेतु तो चिकट थर काढणें हा होय, आणि तें काम पुडीपेक्षां घासणेंच करितें. चांगली चावून कुंचला केलेली काडी सावकाश फिरविली तर बाहेरील बाजू बऱ्यापैकीं निघते. मागील दाढा व आंतली बाजू बहुधा राहून जाते, तेथें मऊ ब्रश सोयीचा. कोळसा, विटेची पूड व जाड राखुंडी हीं मळ काढतात खरीं, पण त्याबरोबर दांतहि झिजवितात, आणि मग थंड पाण्यानें झिणझिण्या येतात. तांबडा रंग यावा म्हणून गेरू घातलेल्या मंजनांविषयींहि हीच सावधगिरी ठेवावी. वनस्पतींचीं मंजनें आपल्याकडे जुनींच आहेत; केशव विष्णु पेंढरकर यांनीं १९५२ सालीं मुंबईस परळ येथें विको कंपनी काढली, तिचा आरंभ वज्रदंती मंजनानेंच झाला. लवंगेचें तेल दुखऱ्या दाढेस बधिर करितें, यांत संशय नाहीं. पण बधिर झालेली दाढ बरी झाली असें समजूं नये.

टूथपेस्टमध्यें बारीक खडूसारखी पूड, ओलावा टिकविणारें द्रव्य, फेस आणणारा पदार्थ, पुदिन्याचा वास व बहुतेकींत फ्लोराइड असतें. फेसानें तोंड स्वच्छ वाटतें, एवढेंच. खरें मोल फ्लोराइडचें आहे. १९०१ सालीं फ्रेडरिक मॅके हे दंतवैद्य अमेरिकेंतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गांवीं गेले, तेव्हां तेथील लोकांचे दांत तपकिरी डागांचे दिसले. नवल हें कीं, ते किडत मात्र कमी. पाण्यांतील फ्लोराइड हें त्याचें कारण १९३१ सालीं सिद्ध झालें. फार झालें तर डाग. आपल्याच यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील कांहीं गांवीं मुलांचे दांत त्यामुळें बिघडतात. थोडें असेल तर गेलेला चुना परत बसण्यास मदत होते, व तो नवा थर आम्लास सहज वश होत नाहीं. म्हणून आपल्या देशांत टूथपेस्टमध्यें १० लाख भागांत १००० भागांपेक्षां अधिक फ्लोराइड घालतां येत नाहीं. लहान मुलांस तांदुळाच्या दाण्याएवढी, तीन वर्षांपुढें वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. घासून झाल्यावर थुंकावें, पण लगेच पांच-सहा चुळा भरून तें फ्लोराइड धुऊन टाकूं नये. आणि दिवसांतून एकदांच घासणें होत असेल तर तें रात्रीं निजतांना करावें, कारण झोपेंत लाळ कमी होते.

आतां मिसरी. हिलाच कोठें कोठें मशेरी म्हणतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजावयाची, कुटून बारीक करावयाची, एवढीच तिची कृति. भाजल्यानें तंबाखूचें विष जातें, ही समजूत साफ चुकीची आहे. निकोटीन तींत राहतेंच, आणि भाजण्यानें कर्करोग उत्पन्न करणारीं द्रव्यें आणखी वाढतात. तोंडाच्या पातळ त्वचेंतून निकोटीन थोड्याच वेळांत रक्तांत जातें; म्हणून अंगांत हुशारी येते. "मिसरी लावल्यावांचून पोट साफ होत नाहीं," असें बायका सांगतात, तें खोटें नव्हे; पण ती दांतांची गरज नसून व्यसनाची गरज आहे. एखादी सून दाढदुखीसाठीं शेजारणीच्या सल्ल्यानें चिमूटभर लाविते, आणि वर्षभरानें दिवसांतून चार वेळां डबी उघडूं लागते.

मुंबईंतील १२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी २००४ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या पत्रांत प्रसिद्ध झाली. त्यांतील ज्या तंबाखू वापरीत, त्यांपैकीं बहुतेक मिसरीच लावीत. इतर कारणांचा हिशेब करूनहि त्यांच्या बाळांचें वजन सरासरीनें १०५ ग्रॅम कमी भरलें, आणि प्रसूति सुमारें ६ दिवस आधीं झाली. मुळांतच हलक्या असणाऱ्या बाळाला १०५ ग्रॅम थोडे नव्हेत. मंजनांत व टूथपेस्टमध्यें तंबाखू घालण्यास केंद्र सरकारनें १९९२ सालींच बंदी केली. परंतु घरच्या तव्यावर काय भाजलें जातें, तें कोणता अधिकारी पाहणार?

उपदेशक बंधूंस एक सुचवितों. सासूबाईंच्या डबीवर चारचौघांत टीका केली तर डबी फक्त लपते. आधीं ब्रश किंवा काडी हातीं द्यावी. दांत घासण्याचें निमित्त गेलें म्हणजे डबींत निव्वळ तंबाखू उरली, हें बाईच्या स्वतःच्या ध्यानीं येतें. मग दिवसाच्या खेपा एकेक कमी कराव्या. पहिले कांहीं दिवस चिडचिड व अस्वस्थता वाटेल. ती दोन-चार आठवड्यांत ओसरते. १८०० ११ २३५६ या क्रमांकावर तंबाखू सोडण्याविषयीं विनामूल्य सल्ला मिळतो.

तोंडांत पांढरा किंवा लाल डाग पडला, दोन आठवड्यांत न भरणारी जखम झाली, किंवा तोंड पूर्वीइतकें उघडेनासें झालें, तर दुखण्याची वाट पाहूं नये, कारण असा डाग आरंभीं बहुधा दुखत नाहीं. धुळ्यास साक्री रस्त्यावर दंतवैद्यक महाविद्यालय आहे. तेथें किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यांत दाखवावें. डॉक्टर मिसरीविषयीं विचारतील, तेव्हां दिवसांतून किती वेळां लावतां, तो आंकडा खरा सांगावा.