बास्केटबॉलच्या संघांतील गार्ड

बास्केटबॉलचा खेळ जेम्स नेस्मिथ यांनीं सन १८९१ मध्यें अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें काढला. १८९३ सालीं स्मिथ कॉलेजांत सेंडा बेरेन्सन बाईंनीं मुलींचा सामनाही खेळविला.

मैदानावर गडी पांच, संघांत बहुधा बारा. निवड करणारे प्रथम उंची पाहतात. टोपलीखालीं उंच मुलगी हवीच; परंतु चेंडू तेथवर नेणार कोण? तें काम गार्डचें. चेंडू आपटीत नेतांना तिची दृष्टि चेंडूवर नव्हे, सोबतिणींवर असावी लागते. सन २०११ पासून गोंडवाना विद्यापीठाखालीं असलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या महाविद्यालयांनीं अशी मुलगी खो-खोच्या मैदानावर शोधावी, असें आम्हांस वाटतें. बसलेल्या गड्यांच्या रांगेंतून हुलकावणी देऊन निसटणारी मुलगी अर्धी गार्ड झालेलीच असते. राहिलें हातांचें काम; तें शिकवितां येतें. उंची मात्र शिकवितां येत नाहीं!

तथापि सर्वच गार्ड घेतल्या तर टोपलीवरून परतलेला चेंडू प्रतिपक्षाच्या हातीं जाईल. शिवाय वर्गांचाही मेळ पाहावा. पांचही जणी शेवटच्या वर्षाच्या असल्या, तर परीक्षेबरोबर संघही संपतो. म्हणून थोरल्या गार्डमागें पहिल्या वर्षाची एक मुलगी आजच उभी करावी, आणि सामना हातचा जाण्याचें भय असतांही तिला थोडा वेळ मैदानावर उतरवावें.