यादीतले नाव

(अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला मत देण्याचा हक्क आहे. पण हक्क असणे आणि मत देता येणे यांच्यामध्ये एक लहानसे काम असते. ते काम कोणते, तरुण मुले ते कसे करतात आणि त्यात चुका कोठे होतात, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, उर्दूत आपण ‘वोट देना’ किंवा ‘राय देना’ म्हणतो. मराठीत ‘मत देणे’ म्हणतात. घरी ‘मत’ हा शब्द ‘नको’ या अर्थाने ऐकण्याची आपल्याला सवय असते. त्यामुळे भिंतीवर ‘मत द्या’ असे वाचले की लहान मुलांना हसू येते. पण पुढचे शब्द पाहा : मतदार, यादी, अर्ज, दाखला, दुरुस्ती, तहसीलदार, शाई. हे शब्द तुम्हांला परके वाटणार नाहीत. यांतले बहुतेक फारसी व अरबी भाषांतून मराठीत आले आणि इथेच रुळले. ‘मतदार’ या शब्दातले ‘मत’ संस्कृतातले आणि ‘दार’ फारसीतले. उर्दूतील ‘सियाही’ मराठीत येऊन ‘शाई’ झाली. एका शब्दाविषयी मात्र सावध राहा. उर्दूत ‘हरकत’ म्हणजे हालचाल. मराठीत ‘हरकत घेणे’ म्हणजे एतराज करणे. मतदार यादीवर हरकत घेता येते, असे पुढे येईल, तेव्हा हे आठवा.

आता यादीकडे वळू. इंग्रजांच्या काळात सर्वांना मत नव्हते. ज्याच्याजवळ जमीन, मालमत्ता किंवा ठरावीक शिक्षण होते, त्यालाच ते मिळे. संविधानाच्या कलम ३२६ ने ही अट काढून टाकली. १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तिच्यासाठी सुमारे १७ कोटी ३० लाख मतदारांची यादी तयार झाली. घरोघर जाऊन नावे लिहिणाऱ्या माणसांना एक विचित्र अडचण आली. अनेक स्त्रिया परक्या माणसाला आपले नाव सांगेनात. “लिहा, अमक्याची आई,” “लिहा, तमक्याची बायको,” एवढेच त्या सांगत. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवले, की मतदाराचे स्वतःचे नाव हवे. शेवटी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. त्यांतल्या बहुतेक उत्तर भारतातील राज्यांतल्या होत्या. त्या देशाच्या नागरिक होत्या, सज्ञान होत्या, त्यांना हक्कही होता. पण यादीत नाव नव्हते, म्हणून मत नव्हते.

तुमच्या दादीचे किंवा नानीचे नाव यादीत कसे लिहिले आहे, हे तुम्ही कधी वाचले आहे का?

त्या काळी मतदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागे. एकवीस वर्षांखालील मुले कच्च्या बुद्धीची असतात, असे पुष्कळांना वाटे. पण अठरा वर्षांचा मुलगा सैन्यात जात होता, कारखान्यात काम करत होता, शेत सांभाळत होता. स्वातंत्र्याच्या चळवळीत तर तरुण सर्वांच्या पुढे होते. आपल्या शेजारच्या आष्टी गावात १६ ऑगस्ट १९४२ रोजी लोक पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला गेले, तेव्हा गोळीबार झाला. तेथील शहीदांमध्ये डॉ. गोविंद मालपे, पंची गोंड यांच्याबरोबर रशीद खान यांचेही नाव आहे. आष्टीला गेलात तर हुतात्मा स्मारक अवश्य पाहा. पुढे १९८८ साली संसदेने ६१ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. २८ मार्च १९८९ पासून मतदाराचे वय १८ वर्षे झाले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमधील लोकसभा निवडणुकीत अठरा ते वीस वयाच्या तरुणांनी पहिल्यांदा मत दिले.

तरीही एक अडचण उरलीच. वय मोजायची तारीख वर्षातून एकच होती : १ जानेवारी. समजा, आपल्या कारंज्यात रुखसाना नावाची एक मुलगी आहे. तिचा जन्म २ जानेवारी २००८ चा. म्हणजे २ जानेवारी २०२६ रोजी तिला अठरा वर्षे पूर्ण झाली. जुन्या नियमाप्रमाणे तिला १ जानेवारी २०२७ पर्यंत थांबावे लागले असते. एका दिवसासाठी वर्ष गेले असते! ऑगस्ट २०२२ पासून हा नियम बदलला. आता वर्षात चार तारखा आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. रुखसानाला १ एप्रिल ही तारीख मिळते. शिवाय सतरा वर्षे पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करून ठेवता येतो. वय पुरे झाले की नाव यादीत येते. तुमच्यापैकी जे दहावीत आहेत, त्यांनी बोटांवर मोजून पाहावे. हा दिवस तुमच्यापासून फार लांब नाही.

अर्जाचे नाव ‘नमुना ६’. तो तहसील कार्यालयात मिळतो, आपल्या भागाच्या बीएलओकडे मिळतो आणि संगणकावर किंवा मोबाईलवरही भरता येतो. बीएलओ म्हणजे एका मतदान केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी. तो पुष्कळदा शाळेतला शिक्षक असतो, नाहीतर ती अंगणवाडी सेविका असते. अर्जाबरोबर फोटो, वयाचा पुरावा आणि राहण्याच्या पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. दहावीचे प्रमाणपत्रही वयाचा पुरावा म्हणून चालते. शेवटी स्वतःची सही करून सांगायचे असते, की ही माहिती खरी आहे. खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे.

हे सगळे सोपे आहे. अवघड आहे ते नाव लिहिणे.

आपल्या विदर्भात मुसलमान घरांत नाव ‘शेख रहीम शेख करीम’ असे लिहिण्याची रीत आहे. पहिला भाग मुलाचा, दुसरा बापाचा. जुन्या कागदांत मध्ये ‘वल्द’ असे, आणि विवाहित स्त्रीच्या नावात ‘जौजे’ असे. अर्जात मात्र ‘नाव’ आणि ‘आडनाव’ असे वेगवेगळे रकाने असतात. शेख कोठे लिहायचे? मुलगा एका कागदावर ‘शेख रहीम’ असतो, दुसऱ्यावर ‘रहीम शेख’ आणि तिसऱ्यावर ‘रहीम करीम शेख’. आता ‘मोहम्मद’ पाहा. मराठीत कोणी मोहम्मद लिहितो, कोणी महंमद, कोणी मुहम्मद. उर्दूत हे नाव एकाच रीतीने लिहितात, म्हणून घरात कोणाला काही खटकत नाही. पण कचेरीत कागदाशी कागद जुळवतात. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी शाळेचा दाखला समोर ठेवावा आणि त्यावर जसे नाव आहे, तसेच अक्षर न अक्षर लिहावे. इंग्रजीतील नाव व मराठीतील नाव, दोन्ही स्वतः वाचून पाहावीत. मराठीचा तास कशासाठी, असे विचारणाऱ्या मुलांना मी एवढेच सांगेन, की यादी मराठीत असते.

दुसरी चूक गावाच्या नावाची. महाराष्ट्रात ‘कारंजा’ एकच नाही. वाशिम जिल्ह्यात कारंजा (लाड) आहे, आणि ‘कारंजा’ नावाचा विधानसभा मतदारसंघ तिकडचा आहे. आपले कारंजा (घाडगे) वर्धा जिल्ह्यातले. आपला तालुका आर्वी विधानसभा मतदारसंघात आणि वर्धा लोकसभा मतदारसंघात येतो. मोबाईलवर अर्ज भरताना घाईने ‘कारंजा’ मतदारसंघ निवडला, तर अर्ज दुसऱ्याच जिल्ह्यात जाईल!

मग नाव एकदा आले, की काम संपले का? पुण्यात १७ एप्रिल २०१४ रोजी लोकसभेसाठी मतदान झाले. त्या दिवशी पुष्कळ मतदारांना आपली नावे यादीत सापडली नाहीत. त्यांत आधीच्या निवडणुकांत मत दिलेली माणसे होती. काहींच्या हातात ओळखपत्र होते. पण ओळखपत्र ही फक्त ओळख. मत देण्यासाठी यादीत नाव असावेच लागते. लोक चिडले, जिल्हाधिकारी कार्यालयासमोर गर्दी झाली, पण तो दिवस निघून गेला होता.

म्हणून निवडणुकीच्या आधी यादीचा मसुदा लोकांना पाहण्यासाठी ठेवतात. तो वाचायला फार थोडे लोक जातात. खरे तर तरुणांसाठी हे उत्तम काम आहे. मोहल्ल्यातल्या चार-पाच मुलामुलींनी एक संध्याकाळ काढावी आणि आपल्या भागाची यादी घेऊन घरोघर जावे. लग्न होऊन अमरावतीला गेलेल्या आपाचे नाव अजून इथेच आहे का? तिने तिकडे ‘नमुना ८’ भरला पाहिजे, कारण एका माणसाचे नाव दोन ठिकाणी ठेवता येत नाही. वारलेल्या दादांचे नाव आहे का? त्यासाठी ‘नमुना ७’ आहे. हरकतही त्याच नमुन्यावर घेतात. नागपूरला वसतिगृहात राहणारा भाई घरच्या पत्त्यावर किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर, कोठेतरी एकाच जागी, नाव नोंदवू शकतो. घरातल्या बाईला “तुमचे नाव काय?” असे विचारायला मुलीच बऱ्या. त्यांना चुलीपर्यंत जाता येते.

महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी अशी नोंदणी शिबिरे घेतात. २५ जानेवारी हा निवडणूक आयोगाच्या स्थापनेचा दिवस. २०११ पासून तो राष्ट्रीय मतदार दिवस म्हणून पाळला जातो. २०१८ पासून शाळा-महाविद्यालयांत मतदार साक्षरता मंडळे सुरू झाली. नववी ते बारावीची मुलेही त्यांत असतात, म्हणजे ज्यांना अजून मत नाही तीसुद्धा. हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. तिच्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन होते. मुलाने शाळेतच नागरिक म्हणून वागायला शिकावे, असा त्यांचा आग्रह होता.

या प्रयत्नांचा परिणाम आकड्यांत दिसतो. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात सुमारे २० लाख ९३ हजार मतदार पहिल्यांदाच मत देणार होते. पण दुसरा आकडाही पाहिला पाहिजे. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी देशातील १८-१९ वर्षे वयाचे सुमारे १ कोटी ८० लाख तरुण यादीत होते. या वयाच्या एकूण तरुणांच्या निम्मेही ते नव्हते. राहिलेल्यांपैकी पुष्कळांना वाटत असते, की अठरा वर्षे झाली की नाव आपोआप येते. ते येत नाही. रेशनकार्डात नाव असले म्हणून येत नाही, आधार असले म्हणूनही येत नाही. नमुना ६ भरल्यावरच येते.

शब्दार्थ
मतदार – राय-दहिंदा
नागरिक – शहरी
सज्ञान – बालिग
सार्वत्रिक निवडणूक – आम इंतिख़ाबात
मालमत्ता – जायदाद
पुरावा – सबूत
मसुदा – मुसव्वदा, कच्ची यादी
हरकत घेणे – एतराज करना
रकाना – ख़ाना

स्वाध्याय
१. पहिल्या निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून का वगळावी लागली?
२. तुमच्या जन्मतारखेवरून, मतदार होण्यासाठी तुम्हांला कोणती तारीख लागू पडेल ते काढा.
३. ‘ओळखपत्र ही फक्त ओळख.’ या वाक्याचा अर्थ पुण्याच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
४. पाठातील फारसी-अरबीतून आलेले दहा शब्द शोधा. त्यांचा उर्दूतील अर्थ मराठीहून वेगळा असल्यास तो लिहा.
५. घरातील सर्व प्रौढ माणसांची नावे शाळेच्या दाखल्यावर, आधारकार्डावर व मतदार यादीत कशी लिहिली आहेत, ते वहीत शेजारी शेजारी लिहून वर्गात दाखवा.