विमानातील हँडहेल्ड रेडिओ : आवाज कोठे हरवतो?

वसतिगृहातील पत्र्याची पेटी माजी विद्यार्थ्यांना आठवत असेलच. चालू एफएम रेडिओ तिच्यात ठेवून झाकण घट्ट लावले की गाणे मंदावते, खरखरीत विरते. कार्यकारणभाव शिकविताना आम्ही वर्गात हाच प्रयोग करून दाखवितो. छोट्या विमानात हातातल्या रेडिओसंचाचेही असेच होते.

गोंदिया, बारामती येथे वैमानिक घडतात. उद्या आपल्यातील कोणाचे मूल सेस्ना 172 मध्ये बसेल. उड्डाणात वीजपुरवठा पूर्ण बंद पडला तरी इंजिन चालू राहते, कारण मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः निर्माण करतो. मुख्य रेडिओ मात्र मुका होतो. मग नियंत्रण-मनोऱ्याशी बोलण्यास बॅटरीवरचा हा संच तेवढा उरतो, आणि नेमका तोच खरखरू लागतो.

विमानसंभाषण 118 ते 137 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. लहरीची लांबी साधारण अडीच मीटर. चांगल्या अँटेनाला तिचा चौथा भाग, म्हणजे सुमारे 60 सेंटिमीटर उंची हवी. संचावरील रबरी अँटेना त्याहून कितीतरी आखूड, आणि तीही ॲल्युमिनियमच्या पेटीत! खिडक्यांतून लहर शिरते, पण दुबळी होऊन. (मोबाइल पेटीतही वाजतो, त्याची लहर पुष्कळ आखूड असल्याने ती फटीतून निसटते.) त्यात इंजिनाच्या ठिणग्यांची भर. येथील प्रक्षेपण एएम पद्धतीचे. त्यात आवाज लहरीच्या कमी-अधिक उंचीतून वाहिला जातो, आणि ठिणग्यांचा गोंगाटही त्या उंचीतच मिसळतो.

अधिक वॅटचा संच घ्यावा, असे अनेकांस वाटते. तो भ्रम होय. वॅट बोलण्यासाठी, ऐकण्याशी त्यांचा संबंध नाही. खरा उपाय विमानाच्या बाहेर आधीच बसविलेल्या अँटेनाचा. तिच्या केबलमध्ये जॅक बसविला की वायर खोचताच मुख्य रेडिओ सुटतो व अँटेना हातातल्या संचाला मिळते. हे काम परवानाधारक विमान-अभियंत्याकडूनच करवून घ्यावे.

तशी सोय नसेल तर संच खिडकीजवळ, उभा धरावा. मनोऱ्याची अँटेनाही उभीच असते. स्क्वेल्च उघडावे, खरखर सोसावी लागते, पण क्षीण शब्द हाती लागतात. हेडसेट जोडता आला पाहिजे, नाहीतर आलेला शब्द इंजिनाच्या घरघरीत बुडतो. शक्य असल्यास उंची वाढवावी. ही लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते. सपाट प्रदेशात 300 मीटरवरून तिची पोच सुमारे 70 किलोमीटर, तर 1,000 मीटरवरून सुमारे 130.

आणि जॅकची वायर मागच्या सामानात ठेवू नये. एकट्या वैमानिकाचा हात तेथवर पोहोचत नाही. ती संचालाच गुंडाळलेली असावी.