बहिणाबाईंचे आत्मनिवेदन

नवविधा भक्तीमध्ये आत्मनिवेदन ही नववी भक्ती होय. आपले म्हणून जे काही आहे ते देवाच्या पायाशी ठेवणे, असा तिचा अर्थ. मग त्यात चांगले तेवढेच ठेवायचे, की खाल्लेला मार आणि मनातले संशयही? शिऊरच्या संत बहिणाबाईंनी (इ. स. १६२८–१७००) आपल्या चरित्रपर अभंगांत सगळेच ठेवले. (खानदेशच्या बहिणाबाई चौधरी त्या वेगळ्या, बरे का, त्या अलीकडच्या.)

तिसऱ्या वर्षी लग्न, नवरा तिशीचा बिजवर. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनाला बाई आपले वासरू घेऊन जात. स्वामींनी भर सभेत त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ते कानी येताच नवऱ्याने त्यांना बेदम मारले. वय अवघे अकराच्या सुमारास! आमचे कीर्तनकार वासराची कथा रंगवून सांगतात, पण माराशी आले की आवाज खाली घेतात. बाईंनी स्वतः आवाज खाली घेतला नाही. मग आपण का घ्यावा? पुढे त्यांनी पतिसेवेचे अभंग रचले, म्हणून त्यांना मार मान्य होता असे म्हणणे मला पटत नाही. दोन्ही गोष्टी त्यांच्याच लेखणीच्या आहेत. एकीने दुसरी पुसू नये.

नवऱ्याचा आणखी आक्षेप असा की, ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू का करावे? घरातल्या या भांडणाचाच बाईंनी पुढे विचार केला. ‘वज्रसूची’ हा संस्कृत ग्रंथ त्यांनी मराठी अभंगांत आणला. ब्राह्मण कोण? देह, जात की ज्ञान? हा प्रश्न त्या ग्रंथात एकेक अंग घेऊन तपासला आहे. पोथीतला प्रश्न त्यांनी आधी पाठीवर सोसला होता, हे ध्यानात ठेवून तो भाग वाचावा.

मुरबाड-शहापूरकडच्या माळकऱ्यांना हे दूरचे वाटू नये. माळशेज चढून आळंदीच्या वाटेला लागले की ओतूर येते. तेथे तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. बाबाजींनी तुकोबांना स्वप्नात उपदेश केला, आणि तुकोबांनी बहिणाबाईंना स्वप्नातच. उघड बोलणेही याच परंपरेतले. गुरूंनी भोजनाला पावशेर तूप मागितले, ते आपण विसरलो, हे तुकोबांनी सांगून टाकले आहे. दिवाळे निघाले, बायको दुष्काळात अन्नावाचून गेली, हेही.

आषाढात भाताच्या लावणीमुळे आपल्याकडच्या पुष्कळ बाया पंढरीस जाऊ शकत नाहीत. त्यांनी चातुर्मासात रात्री हे अभंग क्रमाने वाचावेत, आणि मधले काही गाळू नये. शेवटच्या भागात बाई अंथरुणावर पडून मुलाला आपले मागचे बारा जन्म सांगतात. हा तेरावा, आणि येथे संपला, असे त्या म्हणतात.