‘तारण’ कोणाकडे ठेवावयाचें?

उपदेशक व गांवमंडळ्या यांजसाठीं शब्दांचा एक पाठ

वाचावें : नहेम्या ८:१–८, मत्तय १८:२३–३५, प्रेषितांचीं कृत्यें ८:२६–३५.



एका गांवीं सायंकाळच्या सभेंत प्रस्तुत लेखकानें ‘तारणावांचून गति नाहीं’ या विषयावर उपदेश केला. वचनें पाठ होतीं, आवाज खणखणीत होता, आणि लोकही शांतपणें ऐकत होते. उपदेश बरा झाला असें मानून लेखक समाधानानें घरीं गेला. परंतु सभेस नेमानें येणारा एक वृद्ध शेतकरी त्यानंतर दोन महिने दिसला नाहीं. अखेर एके दिवशीं बांधावर गांठ पडली, तेव्हां तो म्हणाला, “मास्तर, तारणावांचून गति नाहीं असं तुम्ही म्हणालां. माझं शेत आधींच सोसायटीकडं तारण आहे. आतां आणखी काय ठेवूं, आणि कोणाकडं?”

लेखक खजील झाला. म्हाताऱ्याची चूक नव्हती; त्याच्या जन्मभराच्या व्यवहारांत ‘तारण’ या शब्दाचा जो अर्थ त्यास ठाऊक होता, तोच त्यानें घेतला. कर्जासाठीं जमीन किंवा दागिना अडकवून ठेवणें यास तारण म्हणतात, हें खेड्यांतील पोरासही कळतें. शब्द शुद्ध होता, उपदेशही शास्त्राप्रमाणें होता. पण एक मनुष्य दोन महिने देवाच्या वचनापासून दूर राहिला, आणि आपलें शेत जाईल या धास्तीनें राहिला. यास्तव आज कांहीं शब्दांचा पाठ घेऊं. हे शब्द परीक्षेसाठीं नव्हेत. जे आपल्या शेजाऱ्यास प्रभूची कथा सांगूं इच्छितात त्यांच्यासाठीं आहेत.

एज्रा शास्त्री लोकांपुढें नियमशास्त्र वाचीत असतां लेव्यांनीं केवळ वाचन केलें नाहीं. अर्थ उलगडून सांगितला, आणि वाचलेलें लोकांस समजलें, असें नहेम्याच्या ग्रंथांत लिहिलें आहे. फिलिप्पानेंही रथांत बसलेल्या हबशी अधिकाऱ्यास प्रथम हेंच विचारलें, कीं वाचतां तें समजतें काय? तो मनुष्य मोठा कारभारी होता, शिकलेला होता. तरी त्यानें लाज न धरितां, कोणी वाट दाखविल्यावांचून कसें समजावें, असें उत्तर दिलें. मग आपल्या मंडळीतील अशिक्षित आजीबाईस ‘समजलें ना?’ असें एकदां विचारण्यास आपण कां संकोचावें?

१. कथेचे शब्द

गोष्ट आणि वृत्तान्त. ‘गोष्ट’ म्हटली कीं ऐकणाऱ्यास चिमणीकावळ्याचीही आठवते आणि काल बाजारांत घडलेलीही आठवते. म्हणून सांगणाऱ्यानें आधींच स्पष्ट करावें, कीं ही कल्पित गोष्ट आहे कीं घडलेला वृत्तान्त आहे. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीं सांगतो, कीं ज्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें त्यांच्याकडून आलेल्या वृत्तान्ताचा शोध करून तो अनुक्रमानें लिहीत आहे. उधळ्या पुत्राची गोष्ट प्रभूनें रचून सांगितली. परंतु प्रभूचें वधस्तंभावरील मरण हा वृत्तान्त आहे. दोन्ही एकाच सुरांत सांगितल्या, तर ऐकणारा दोन्ही एकाच टोपलींत टाकतो.

दृष्टान्त आणि दाखला. ‘दाखला’ हा शब्द जुन्या उपदेशांत पुष्कळ येतो. पण आज गांवांत दाखला म्हणजे शाळेचा, जन्माचा किंवा जातीचा कागद. तेव्हां ‘दृष्टान्त’ हा शब्द शिकवावा आणि तो उघडून दाखवावा. आपल्या देशाच्या न्यायशास्त्रांत दृष्टान्ताचें लक्षण फार सुंदर केलें आहे : ज्या गोष्टीविषयीं सामान्य मनुष्य व विद्वान परीक्षक या दोघांचीही समजूत एकसारखी असते, तो दृष्टान्त. खडकावर पडलेलें बीं वाळतें, याविषयीं पंडिताचें व नांगऱ्याचें मत वेगळें असत नाहीं. ग्रीक भाषेंतील ‘पाराबोले’ या शब्दाचा धात्वर्थ ‘एकाशेजारीं दुसरें ठेवणें’ असा आहे. म्हणजे माहीत असलेल्या वस्तूशेजारीं माहीत नसलेली वस्तु ठेवून दाखविणें.

मराठींत ही रीत फार जुनी आहे. तेराव्या शतकांत महानुभाव पंथांतील केसोबास यांनीं चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टान्त ‘दृष्टान्तपाठ’ या ग्रंथांत एकत्र केले. त्यांत प्रत्येक प्रकरणाचे तीन भाग असतात : सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक. सूत्र म्हणजे शिकवणुकीचें थोडक्यांत वाक्य, दृष्टान्त म्हणजे गोष्ट, आणि दार्ष्टान्तिक म्हणजे त्या गोष्टीचें तात्पर्य कोठें लागू पडतें तें. पंथ निराळा असला तरी सांगण्याची ही शिस्त आपणांसही उपयोगी पडेल. आपल्यापैकीं पुष्कळजण सूत्र सांगतात, गोष्टही सांगतात. परंतु दार्ष्टान्तिक राहून जातें आणि लोक गोष्टीची करमणूक घेऊन घरीं जातात.

दार्ष्टान्तिक कसें असावें, हें नाथान संदेष्ट्यापासून शिकावें (२ शमुवेल १२). त्यानें दावीद राजास पापावर व्याख्यान दिलें नाहीं. एका दरिद्री मनुष्याच्या एकुलत्या कोंकरीची गोष्ट सांगितली. राजा संतापला, त्या श्रीमंतास शिक्षा ठरवून मोकळा झाला, आणि मग ‘तो मनुष्य तूंच’ एवढेंच नाथानाला म्हणावें लागलें. गोष्ट अशी सांगावी, कीं ऐकणाऱ्यानें आपला न्याय आपणच करावा.

साक्ष. हा शब्द कोर्टांतला आहे, आणि तेथील नियमच येथेंही लागू आहे : जें स्वतः पाहिलें किंवा अनुभवलें तेंच साक्षीदारानें सांगावें. जन्मांध मनुष्यास परूश्यांनीं नाना प्रश्न घातले, तेव्हां जें ठाऊक नव्हतें तें ठाऊक नाहीं म्हणून त्यानें सांगितलें. पण आपण आंधळा होतों व आतां दिसतें, या एका गोष्टीवरून तो हलला नाहीं (योहान ९:२५). साक्षीसाठीं ग्रीक शब्द ‘मार्तुस’ असा आहे. पुढें ज्यांनीं साक्षीपायीं प्राण दिले त्यांसही हेंच नांव पडलें. म्हणून साक्षींत पदरचें घालूं नये. दारू सोडण्याची साक्ष देतांना जो मागची दारू दुप्पट करून सांगतो, त्याची पुढील साक्ष कोणी धरीत नाहीं. कारण गांवास त्याचा हिशेब ठाऊक असतो.

२. विश्वासाचे शब्द

शुभवर्तमान. ‘वर्तमान’ म्हणजे घडलेल्या गोष्टीची खबर. वर्तमानपत्र हें नांव त्यावरूनच पडलें. उपदेश ‘काय करावें’ हें सांगतो. वर्तमान ‘काय झालें’ हें सांगतें. दोहोंची गल्लत झाली, तर खोटें बोलूं नये, चोरी करूं नये, एवढ्यालाच लोक शुभवर्तमान समजूं लागतात. हें तर त्यांच्या आजोबांनींही सांगितलें होतें. प्रथम खबर द्यावी, उपदेश मागून येऊं द्यावा.

ऋण आणि क्षमा. प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत मत्तयानें पापास ‘ऋण’ म्हटलें आहे. हा शब्द शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाहीं. त्याच्या आकड्याची मात्र आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायांतील दासाकडे राजाचें दहा हजार तालांत येणें होतें, आणि त्याच्या सोबत्याकडे त्याचें शंभर दीनार येणें होतें. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी (मत्तय २०:२), आणि एक तालांत म्हणजे सुमारें ६,००० दीनार. म्हणजे सोबत्याचें कर्ज १०० दिवसांच्या मजुरीचें, सुमारें चार महिन्यांचें होतें. आणि दासाचें कर्ज ६ कोटी दिवसांच्या मजुरीचें होतें. वर्षास ३०० दिवस काम केलें, तरी तें फेडण्यास २ लक्ष वर्षें लागतीं! ‘मला सवड द्या, सगळें फेडतों,’ असें तो दास म्हणाला, त्यांतील वेडेपणा हा हिशेब मांडल्यावरच दिसतो. राजानें सवड दिली नाहीं. कर्जच सोडून दिलें. क्षमा या शब्दाचा अर्थ याहून उघड करून सांगणें कठीण आहे.

खंडणी. मार्क १०:४५ येथें हा शब्द येतो. पण खंडणी म्हणजे दांडग्यानें धमकावून उकळलेला पैसा, असें लोक वर्तमानपत्रांत वाचतात. तेव्हां येथें थांबून सांगावें, कीं मूळ शब्दाचा अर्थ ‘दासाच्या किंवा बंदिवानाच्या सुटकेसाठीं भरलेलें मोल’ असा आहे. देव कोणास धमकावीत नाहीं. सोडविण्याचें मोल तोच भरतो.

तारण. आतां त्या वृद्धाच्या शब्दाकडे येऊं. तरणें म्हणजे पार जाणें, तारणें म्हणजे पार नेणें. नदीवरील होडीस ‘तारूं’ म्हणतात तें यावरूनच. ‘औंदा पावसानें तारलें,’ असें आपण सहज बोलतों. सावकारी तारणाचा अर्थही येथूनच लागतो : रक्कम बुडूं नये, तरावी, म्हणून घेतलेली हमी. शास्त्रांतील तारण मात्र बुडणाऱ्याकडून घेतलें जात नाहीं. बुडणाऱ्यास तें दिलें जातें.

३. शब्द कोठून घ्यावेत?

हा प्रश्न नवा नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स यांनीं गोमंतकांत मराठी ओवींत लिहिलेलें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांनीं लोकांस परिचित असलेली पुराणाची रीत घेतली आणि स्वर्गासाठीं ‘वैकुंठ’ हा शब्दही वापरला. अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) जिल्ह्यांत एकोणिसाव्या शतकांत कृष्णराव सांगळे आदि मंडळींनीं, पूर्वरंग व आख्यान हा कीर्तनाचा घाट घेऊन, ख्रिस्ती कीर्तनें केलीं. याउलट पंडिता रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचें भाषांतर करितांना, साध्या स्त्रियांस कळेल असें सोपें मराठी योजण्याचा आणि अन्य धर्मांच्या कल्पना ज्यांस चिकटल्या आहेत असे शब्द टाळण्याचा कटाक्ष ठेविला. १९२२ सालीं मृत्यूच्या आधीं त्यांनीं तें काम पुरें केलें.

दोन्ही वाटांनीं जाणारे प्रभूचे सेवकच होते, आणि दोघांचीही चिंता एकच होती : ऐकणाऱ्यास समजावें. ओळखीचा शब्द घेतला तर दार लौकर उघडतें, पण जुना अर्थही बरोबर आंत येतो. नवा शब्द घेतला तर तो स्वच्छ असतो, पण दाराशींच उभा राहतो. यास्तव कोणताही शब्द घ्या. त्याच्याबरोबर एक गोष्ट द्या. गोष्टीनें शब्द उघडतो. शब्दानेंच शब्द उघडूं पाहिलें, म्हणजे तारण म्हणजे मुक्ति, मुक्ति म्हणजे उद्धार, उद्धार म्हणजे तारण, असें सांगत बसलें, तर घाण्याचा बैल जेथून निघाला तेथेंच येतो.

त्या दिवशीं बांधावर बसून लेखकानें त्या वृद्धास दहा हजार तालांतांची गोष्ट सांगितली. बोटांवर दिवसांचा हिशेब मांडला. शेवटीं म्हटलें, “बाबा, ठेवायचं कांहींच नाहीं. शेत तुमचं तुमच्यापाशीं राहूं द्या. जें फिटण्यासारखं नव्हतं, तें दुसऱ्यानं फेडलं, एवढीच खबर घेऊन मी आलों होतों.”

म्हातारा बराच वेळ बोलला नाहीं. मग पागोटें सारखें करीत उठला व म्हणाला, “मास्तर, हें पहिल्या दिवशींच सांगायचं होतं.”

बंधुजनहो, हा शब्द लेखकानें मनांत जपून ठेविला आहे. तुम्हीही ठेवा.

अभ्यासासाठीं

१. पुढील शब्दांचा गांवांतील अर्थ व शास्त्रांतील अर्थ शेजारीं शेजारीं लिहा : तारण, दाखला, खंडणी, साक्ष, करार.

२. लूक १५ मधील हरवलेल्या नाण्याचा दृष्टान्त सूत्र, दृष्टान्त व दार्ष्टान्तिक अशा तीन भागांत मांडा. दार्ष्टान्तिक तीन वाक्यांहून मोठें नसावें.

३. हा आठवडा संपण्यापूर्वीं, वाचतां न येणाऱ्या एका मनुष्यास मत्तय १८ मधील गोष्ट सांगा, आणि ती त्याच्याच तोंडून परत ऐका. तो जेथें अडखळेल तो शब्द लिहून ठेवा. पुढील उपदेशाचा आरंभ त्या शब्दापासून करा.